पाल्यासकट मुळा

सगळी गिऱ्हाइकं म्हणतात, पाला मोडून द्या.
पिरगळते, मोडते, गाडीखाली टाकते.
दुपारी गवळ्याच्या म्हशी येतात
आणि हिशोब मिटतो.

ती एकटीच म्हणाली, पाला पाहिजे.
मराठीत म्हणाली. म्हणजे, "पाला. पाहिजे."
दोन शब्दांत एवढी जागा
की मधून एक रिक्षा निघून गेली असती.

म्योंगजू तिचं नाव. मला जमेना, मी मंजू केलं.
तिला हौसाबाई जमेना, तिनं हौसा-शी केलं.
फिट्टंफाट.
नवरा रांजणगावच्या कारखान्यात साच्यांवर होता.
करार संपला, दोघं इथंच राहिली.
बालेवाडीत तळमजल्यावर खाणावळ टाकली तिनं,
चार टेबलं, एक भलामोठा कुकर,
भिंतीवर कॅलेंडरं दोन,
एक तिकडचं, एक कोपऱ्यावरच्या तेलवाल्याचं.
दारात पाटी: दीडशे रुपयांत पोटमर.
भ चा म झालाय. कुणी सांगत नाही.
पोरं येतात, संगणकवाली, बॅगा लटकवून,
आणि पोटमर जेवून जातात.

एका मंगळवारी गाडी लवकर रिकामी झाली.
नव्वद रुपये उधारी होती तिच्याकडं,
म्हटलं जाताजाता घेऊ.
पैसे राहिले बाजूला, तिनं मला बसवलं.

घमेल्याचं पोर शोभेल असा वाडगा.
तळाला भात, चिकट.
म्हटलं, तांदूळ तिकडचा?
म्हणाली, कामशेत.
वर माझा पालक, माझं गाजर, माझी काकडी,
मोड आलेले मूग, अंडं,
मधोमध लाल चटणीचा गोळा.
ओळखलं मी एकेकाला.
पहाटे पाणी मारून बसवलेली मंडळी ही,
इथं अंघोळ करून, भांग पाडून बसलेली.

फोडणी नाही. मोहरी नाही, हळद नाही.
पालक नुसता उकळत्या पाण्यातून काढून पिळलेला,
मीठ, लसूण, तिळाचं तेल.
तोंडात घातला आणि ऐन आषाढात
भोगी आली.

माझी आई ताट वाढायची
तर मिठाची जागा ठरलेली, लिंबाची ठरलेली,
कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं,
एकमेकांना शिवलेलं खपायचं नाही.
तशीच मी बसले कडेकडेनं खात,
पालक वेगळा, गाजर वेगळं.
मंजू आतून धावत आली.
हातातला चमचा काढून घेतला
आणि कालवलं सगळं.
अंडं फुटलं, भात लाल झाला,
कोण कुठलं ते कळेना.
लहान पोराला भरवायला कालवतात तसं
माझ्या पन्नाशीच्या तोंडासमोर धरलं.
खाल्लं.
तिखट आधी नाही लागत. मागून येतं, गोड बोलत.

बाजूला तीन वाट्या.
एकीत वांगं वाफवून चिरलेलं, त्याचं काही खास नाही.
एकीत मुळा, आंबवलेला, नाकात चढणारा.
एकीत पाला.
तोच. सोयाबीनच्या कसल्याशा जुन्या गोळ्यात शिजवलेला,
खारट, मातकट,
पावसाळ्यात कोठारात शिरल्यासारखा.
वाट्या संपल्या की ती परत भरते
आणि त्याचे पैसे नाहीत.
मी तीनदा विचारून घेतलं, पैसे नाहीत?
मग तीनदा मुळा घेतला.
वीस रुपयांची जुडी मी तिला विकलेली,
तिसाचा मुळा तरी तिथं खाल्ला असेन.
धंदा असा करू नये, असं तिला सांगणार होते,
पण तोंडात घास होता.

दीडशेतून नव्वद वजा, मी साठ पुढं केले.
तिनं पन्नास घेतले, दहाची नोट परत दिली.
कशाचे?
"पाला," म्हणाली.
फुकटचा देत होते इतके दिवस,
तिनं लिहून ठेवलं होतं कुठंतरी.

आज सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, पाला मोडा.
मोडला. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला.
दुपारी म्हशी आल्या.
पुढची थांबली, गाडीखाली बघितलं,
मग माझ्याकडं.
मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.