वेल्डिंग संपल्यावरचा अर्धा तास

पावणे एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात
नव्या ड्रायरचा सायक्लोन बावीस मीटरवर,
आणि मी त्याच्या बरोब्बर खाली नाही,
बरोब्बर खाली कुणीच उभं राहायचं नसतं,
जरा बाजूला, लाल पट्टीच्या अलीकडे,
दोन बादल्या वाळू, एक सिलिंडर, एक शिट्टी.

माझं काम बघणं.
हसुराम वर बघतो तो फक्त एक थेंब,
काळ्या काचेतून, तांदळाएवढा,
पातळ झालेल्या लोखंडाचा.
थेंब सोडून त्याला जग नसतं:
ना पारसिकचा डोंगर, ना खाडी,
ना स्वतःचा पाय फळीच्या किती कडेला.
बाकीचं जग माझ्याकडे दिलंय,
दिवसाला सहाशे वीस रुपयांत.

सकाळी परमिटवर चार सह्या. परांचीला हिरवा टॅग.
तांडेल मॅडम पट्ट्याचं एकेक बकल ओढून बघतात,
खाटेचा सुंभ ओढून बघावा तसं.
एक हूक अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही.
हसुराम म्हणतो, माकडालाही हेच शिकवतात का?
मॅडम म्हणतात, माकडाला शिकवावं लागत नाही.

मग तो चढतो.
हातोडी दोरीने मनगटाला,
रॉडची थोटकं टाकायला पत्र्याचा डबा,
पायाखाली न जळणारं कांबळं अंथरलेलं.
तरी ठिणग्या येतातच.
कांबळ्याच्या कडेवरून सांडतात,
पाइपावर आपटून एकीच्या पाच होतात,
जमिनीवर येईतो विझतात, बहुतेक.
मी त्या बहुतेकसाठी आहे.

गुरुवारी दुपारी वारा फिरला.
ठिणग्या तिरक्या, थेट खोक्यांच्या थप्पीकडे.
शिट्टी मारली. वर ग्राइंडरचा आवाज.
पुन्हा मारली.
मग आफताबकडे बघून नुसता हात आडवा केला
आणि त्याने मशीनच बंद केली.
हसुरामने मुखवटा वर केला.
त्याची शिवी बावीस मीटरवरून निघाली,
खाली येईतो विझली.

उतरल्यावर दिसलं: हुकाच्या पट्ट्यावर
तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग, कडा वितळलेली.
त्याच पट्ट्यावर तो सकाळपासून लटकलेला.
कुणी काही बोललं नाही.
मग तोच म्हणाला, टाकू नका मॅडम,
दिवाळे गावात भावाची होडी आहे, बांधायला होईल.
मॅडम म्हणाल्या, होडीला सांग, दुसरी दोरी बघ.
आणि कटरने चार तुकडे केले,
कचऱ्यात टाकले, तेही दोन वेगळ्या डब्यांत.

काम संपलं की सगळे चहाला जातात.
मी नाही. मला अजून अर्धा तास.
केबलच्या ट्रेमागे बघायचं,
पत्र्याच्या पाठीला हात न लावता हात धरायचा,
ऊब लागली की थांबायचं.
कापसाचा एखादा बोळा आतल्या आत धुमसत राहतो,
सगळे निघून जाईपर्यंत वाट बघतो.
रजिस्टरात एक रकाना आहे, काय आढळलं.
माझ्या अक्षरात पानंच्या पानं: काही नाही.

आज हसुराम चहा घेऊन आला,
दोन कागदी कप, एकावर दुसरा उपडा झाकलेला.
लाल पट्टीच्या बाहेरच बसला उकिडवा.
डोळे तांबारलेले, तरी वर बघत होता,
जिथे दिवसभर होता तिथेच,
जणू कुणी दुसरंच चढलंय.

किती राहिलं गं, मंजुळे?
अकरा मिनिटं, मी म्हटलं.