नेहमी याच प्रोग्रॅमने

सौदे आटपले, हमाल जेवायला गेले,
तेव्हा पार्श्वनं पेनड्राइव्ह खुपसला
आणि पेढीवरचा दमेकरी कॉम्प्युटर
वीस मिनिटांत कोरा झाला.

कोरा म्हणजे मोकळा नव्हे.
भाड्याच्या खोलीत आधीच्याचे खिळे असतात,
तसं सगळं कुणीतरी ठरवून ठेवलेलं:
गाणी कशात वाजणार, फोटो कशात दिसणार,
रिकाम्या वेळेत पत्ते कुठले.
"आत्ती, हे सगळं बदलता येतंय,"
एवढं सांगून तो क्लासला पळाला.

मी आधी कॅल्क्युलेटर धरला.
सतरा क्विंटल राजापुरी, चौदा हजार अडीचशे भाव.
उत्तर बरोबर आलं: २४२,२५०.
दोनशे बेचाळीस हजार!
असला आकडा सांगलीच्या यार्डात कुणी उच्चारलेला नाही.
लाख कुठं गेला?

कागद बघितला तर आखूड, रुंद, परमुलखाचा.
पट्टीचा तळ, जिथं सही येते,
तेवढाच बाहेर पडत होता.

लिहायचा प्रोग्रॅम उघडून पेढीचं नाव टाकलं:
आदगोंडा मगदूम आणि सन्स.
प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ.
'सन्स'खालीसुद्धा.
एक सन पुण्यात, एक बेंगळूरला.
मी एकटीच हसले.

मग काढायला घेतलं.
काळ्या खिडकीत हुकूम लिहिला,
तिनं पासवर्ड मागितला.
मी बडवतेय आणि काही उमटेना,
टिंब नाही, चांदणी नाही.
पार्श्वला फोन लावला. मागं पोरांचा कालवा.
"आत्ती, दिसत नाही, पण जातंय. टाक की बिनघोर."

दिसत नाही, पण जातंय.

हे मला शिकवायला नको होतं.
आठवीत डबा घेऊन यायची तेव्हा
अप्पांचा हात व्यापाऱ्याच्या हातात असायचा,
वर रुमाल.
तोंडानं कृष्णेच्या पाण्याच्या गप्पा,
कापडाखाली बोटं भाव सांगणारी.
कुणाला काही दिसायचं नाही,
पोती मात्र जागची हलायची.
रात्री अप्पा दोघा भावांची बोटं धरून
शिकवायचे: हे शेकडे, हे पन्नास.
मला कुणी बोट धरून शिकवलं नाही.
रुमाल वरून कसा हलतो
त्यावरून मी शिकले.

एंटर मारलं.

टपाल गेलं, पत्ते गेले,
गाण्यांचा तो दिमाखदार डबा गेला;
त्याच्या जागी एक साधा आणला,
जो नुसता वाजवतो, शिफारशी करत नाही.
कागद लांब झाला, सही आत आली.
स्वल्पविराम लाखाच्या जागी येऊन बसला.
शब्दकोशात एकेकाला दाखल केलं:
आदगोंडा. मगदूम. राजापुरी. अडत.
'सन्स' तेवढं केलं नाही.

दिवे लावताना अप्पांची एक फाइल सापडली.
नाव 'सौदे'. पुढं टिंब नाही, कुळाची खूण नाही.
टिचकी मारली.
नवं यंत्र गोंधळलं, मग अदबीनं म्हणालं,
कशानं उघडू?
यादी दिली. यादीखाली एक चौकट:
नेहमी याच प्रोग्रॅमने उघडावे.

साध्या वहीत उघडली.
अर्धी मराठी, अर्धे नुसते चौकोन,
मधे आकडे शाबूत.
एका ओळीत 'अनंत', पुढं तीन चौकोन,
आणि 'ला विचारणे'.
माझं नाव अनंतमती.
पण अनंतपूरचा एक व्यापारीही होता,
आणि चौकोन मोजून कुठं नाव ठरतंय?
दुसऱ्या कशानं उघडलं तर कळेलही.

कीबोर्डच्या फटीत पिवळी धूळ बसली होती,
ती फुंकली. बाहेर शेवटचा ट्रक निघत होता.
चौकटीत खूण केली नाही.
पुढच्या खेपेला पण विचार, म्हटलं.