वाइंडिंगच्या दुकानासमोरचा निंब

गोकुळपेठ बाजाराच्या मागल्या गल्लीत माझं दुकान,
कूलरच्या मोटरी, पंपाच्या मोटरी, जळलेलं सगळं.
समोर निंब. निंबात कावळीचं घरटं,
त्यात काड्या कमी, माझी तार जास्त,
चोवीस गेजची, तांब्याची, तिनं पायरीवरून वेचून नेलेली.
आत खसाचे चार धागे, मऊ पडावं म्हणून.

मे महिना. पारा पंचेचाळीस.
पहाटे चारलाच तो सुरू होतो,
कुऊ, कुऊ, कुऊऊ, एकेक पायरी वर,
बेअरिंग जायच्या आधी मोटर चढते तसा.
गिऱ्हाईक म्हणते, काय गोड गाऊन राहिली जी कोकिळा.
मी काही बोलत नाही.
गाणारा तो आहे, काळाभोर.
ती ठिपक्याठिपक्यांची, पानाआड, गप.

हे मला प्रणोती गजभियेनं सांगितलं,
विद्यापीठातली पोरगी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून
माइक घेऊन तीन आठवडे माझ्या स्टुलावर बसली.
एका दुपारी म्हणाली, भाऊ, मोटर बंद करा जरा.
केली.
तो पार शेंड्यावर आला, उघड्यावर,
आणि असा ओरडला की मारच मागत होता.
कावळा उठला, कावळी उठली,
दोघं त्याच्या मागे, पाण्याच्या टाकीपर्यंत.
तेवढ्यात इकडे पानं हलली.
माझ्या हातचे दहा फेरे व्हायच्या आत
ती घरट्यात जाऊन बाहेरही आली होती.
किक्-किक्-किक्,
एवढंच बोलली, जाताना.

म्हणजे गाणं काय, समोरचं दार ठोठावणं,
मागचं उघडं राहावं म्हणून?
प्रणोती हसली. असंही असेल, म्हणाली,
पलीकडच्या आंब्यात दुसरा नर आहे, त्यालाही ऐकवत असेल.
नक्की कोणालाच माहीत नाही.
मग पेन्सिल कानामागे खोचून,
पण ज्याचा आवाज कावळ्याला झोंबलाच नाही
त्याचं अंडं घरट्यात पोचलं नाही,
असं हजारो वर्षं होत आलं असेल, तर...
वाक्य तिनं तिथंच सोडलं.

रात्री मी तेच गुंडाळत बसलो.
गल्लीच्या टोकाला कासिमभाईंचा खराद आहे.
लोखंड फिरत राहते, हत्यार जागचं हलत नाही,
आणि बुरा पडत पडत गोलाई येते.
कावळ्याचा कान तसा असेल.
ज्या गळ्याचं आपण कौतुक करतो
तो त्याच्या चिडण्यावर घासून उतरला असेल.
एवढ्या कवितांत
कावळ्याची मजुरी कोणी लिहिली नाही.

जुलैत पेशनेंच्या गच्चीवर कूलर उतरवायला गेलो
तेव्हा ते पोर दिसलं, कठड्यावर,
घोगरं मागत होतं, थेट कावळ्याच्या पोरासारखं.
कावळी तर्रीत भिजलेला पोहा त्याच्या घशात कोंबत होती.
स्वतःची चोच कोरडी.

मला काम उस्तादानं शिकवलं.
फेरा चुकला की मनगटावर फूटपट्टी.
त्या पोराला कोण होतं?
अंड्यातून निघाल्यापासून कानावर काव आणि काव,
आईनं वळून पाहिलं नाही, बाप तर आरडाओरडा करून पळालेला.

मार्चमध्ये शटर उचलत होतो.
निंबात कु. मग कुउ.
मग घसरलं. मग बराच वेळ काही नाही.
मग एकदम चढलं, पायरी पायरीनं, न चुकता.
तेच पोर असेल, असं मी म्हणत नाही,
प्रणोतीनं ऐकलं तर रागावेल.
पण कावळी उठली
आणि जीव तोडून त्याच्या मागे लागली.

तांब्याला भंगारवाला चांगला भाव देते.
तरी आज झाडून काढलेली तार मी विकली नाही,
पायरीवर ठेवली, लांब तुकडे वर.
ती येते. मान तिरपी करून आधी माझ्याकडे बघते.
मी मोटर बंद करतो.