कूलर बंद करून

फैजपूरला मे महिन्यात
आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही.
पुढच्या खोलीत लोखंडी कूलर, त्याचा पंखा कुठेतरी घासतो.
मीठ मागायचं तरी ओरडून.
त्यामुळे भांडण कोणतं आणि बोलणं कोणतं
हे चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं.

ललितला त्यात स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं
बारावीनंतरच्या उन्हाळ्यात.
आधी नुसतं नाव. मग नावापुढे काहीतरी.
सांगायचा नाही. कूलरकडे पाठ करून जेवायचा,
मग जेवायचाच नाही,
मग टपरीवरची पोरं बघून हसतात म्हणून कॉलेज नाही.
आई म्हणाली मोबाईल. अण्णा म्हणाले आळस.
शकूआत्या भुसावळहून अंगारा घेऊन आली.
मी काहीच म्हटलं नाही, दार लावून अभ्यास केला,
हेही लिहून ठेवते.

जळगावला, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
वारके मॅडमनी आम्हा चौघांना गोल बसवलं.
म्हणाल्या, आज याला आजाराचं नाव देत नाही.
होईलच असंही नाही.
पण वाट बघत बसायचं नाही.
आई रडली, ती सुटल्यासारखी की धसका घेऊन, कळलं नाही.
अण्णा तीस वर्षं केळीच्या गाड्या भरून देतात.
बराच वेळ फरशीकडे बघून म्हणाले,
"म्हंजे करपा.
पानावर बारीक पिवया रेघा असता, तव्हाच पाहा लागते."
मॅडमना केळीतलं काही कळत नव्हतं.
त्यांनी विचारलं, अण्णांनी सांगितलं, सगळं, फवारणीपर्यंत.
परतीच्या एसटीत ते ताठ बसले होते.

गृहपाठ मिळाला, चाळिशी उलटलेल्या माणसांना:
रोज दहा मिनिटं. एकाने बोलायचं.
दुसऱ्याने ऐकलेलं आधी परत म्हणून दाखवायचं, मगच आपलं.
'तू'ने सुरू होणारं वाक्य 'मला'ने सुरू करून पाहायचं.
आईने ते किराण्याच्या यादीखाली लिहून घेतलं.
अण्णांना जमेना.
त्यांचा 'मला' पाण्याच्या तांब्यापुढे
कधी गेलाच नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या रात्री, भिंती अजून तव्यासारख्या,
अण्णा उठले आणि त्यांनी कूलर बंद केला.
टाकीत ठिबकणारं पाणी तेवढं राहिलं.
आपलं घर इतकं शांत असू शकतं
हे मला माहीतच नव्हतं, भीती वाटली.

"मले आयकू येत नही ते," अण्णा म्हणाले.
"मले भेव वाटते. तू सांग. काय म्हनते?"

ललितने खूप वेळ घेतला.
अण्णांच्या कानामागून घाम गळ्यात उतरला,
त्यांनी पुसला नाही.
मग ललितने सांगितलं.
ते वाक्य इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

अण्णांनी ते परत म्हणून दाखवलं. चुकीचं.
"असं नही म्हटलं मी."
पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.
तिसऱ्यांदा ललितने मधला एक शब्द सुचवला,
पाढे घेताना अण्णा त्याला सुचवायचे तसा.

आवाज त्या रात्री थांबला नाही.
पुढच्या गुरुवारीही आम्ही जळगावला गेलो,
आणि त्याच्या पुढच्याही.
पण त्या रात्री आई पदराने वारा घेत म्हणाली,
लावा आता, जीव चालला.
अण्णांचा हात बटणापर्यंत गेला,
तिथेच राहिला.
ते ललितकडे वळले.

"लावू?"