उघाडी

सुभेदार भिकाजी रेवाळे यांच्या डाव्या पायाला
तीनच बोटं होती.
दोन बर्फात राहिली. कुठल्या बर्फात, ते त्यांनी सांगितलं नाही.
बांधावरच्या ओल्या चिखलात
पहाटे आधी कोण गेलं
हे मात्र वावेलीत कुणाला विचारावं लागत नसे.

अठ्ठावीस वर्षं नोकरी. मग एक काळी ट्रंक,
झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर,
आणि दाभोळखाडीच्या आतल्या अंगाला पावणेदोन एकर खाजण,
जे वीस वर्षं खारं पाणी खात होतं
आणि आम्ही त्यातल्या चिंबोऱ्या.
"हितं भात?" माझा बाप हसला होता.
"चिंबोऱ्यांना विचारलंत का, सुभेदार?"

दोन उन्हाळे एकट्यानं बांध घातला.
दगड, चिखल, पेंढा, पुन्हा चिखल.
मध्ये उघाडी, ऐनाच्या फळ्यांची.
ओहोटीला उघडायची, साचलेलं गोडं पाणी बाहेर.
भरतीला लावायची, खारं बाहेरच्या बाहेर.
"एवढंच काम," म्हणाले. "पण वेळेवर."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ,
हे आम्हाला आज्यापासून पाठ.
त्यांनी त्याला वर्दी चढवली.
"अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. अठराशे."
"एकादशी. वीस-पंधरा."
आणि आठ वाजल्यापासून तिथं बसलेले,
हातात विझलेली बिडी.

लढाईचं विचारलं की खेचराचं सांगत.
चंपा नाव तिचं. पाठीवर दोन पेट्या, पायाखाली वीतभर वाट.
"रात्री ती थांबली की आम्ही थांबायचो.
एकदा नाही थांबलो."
पुढे काही नाही. मग उठून बैलाला हाक,
त्याचंही नाव चंपा.
बैलाचं नाव चंपा! आख्खी वाडी हसायची.
बैल मात्र ओ द्यायचा.

एका पावसाळ्यात बापानं रात्रीतून
मधला मेर हातभर सरकवला, त्यांच्या बाजूला.
सकाळी सुभेदारांनी पावलं मोजली. पुन्हा मोजली.
आम्ही घरात कोयत्या शोधत होतो.
संध्याकाळी ते आले, खांद्यावर पायली-दोन पायली राता,
ट्रंकेतलं राखलेलं बियाणं.
"पेर," बापाला म्हणाले. "खाऱ्या जमिनीला हेच.
पण रात्रीची एक पाळी तुझ्या पोराची."
मी तेव्हा चौदाचा.
बाप त्यांच्याशी पुढे कधी भांडला नाही.
बोललाही नाही फारसा.

गेले ते भाद्रपदातल्या अवसेला, दुपारी,
भात पोटरीला आलेलं.
मुलगी वसईहून निघालेली, म्हणून रात्रभर ठेवायचं ठरलं.
उदबत्त्या, उलट्या खुर्च्या, चहाची किटली.
कुणीतरी म्हणालं, आज सर्वपित्री.
आणि माझ्या डोक्यात आपोआप चाललं:
पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.
घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं.

अनवाणी पळालो.
पाणी उघाडीच्या खालच्या फळीला लागलेलं.
फळ्या उतरवल्या, फटींत चिखल कोंबला,
पाठ लावून उभा राहिलो.
पलीकडे खाडी चढत होती, श्वास घेतल्यासारखी.
बॅटरीच्या उजेडात, पायाशीच,
सकाळचं पाऊल. तीन बोटांचं.
मी बाजूला सरकून उभा राहिलो.

सकाळी खेडहून माजी सैनिक आले, घडी घातलेला झेंडा घेऊन.
त्यातला एक तरुण, हातात कागद:
"शेवटची नेमणूक कुठं होती यांची?"
मुलीला आठवेना.
बाप कोपऱ्यातून म्हणाला, "उघाडीवर."
त्यानं लिहून घेतलं.
कुठल्या सेक्टरात, ते विचारलं नाही.

आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन.
मनात पंधराशे म्हणतो
आणि थोडा आधीच निघतो.
बांधावर माझं पाऊल उमटतं,
पाचही बोटांचं,
कुणाचंही असू शकेल असं.