जागेचं भाडं

नर्सप्पा मादगुंडी, डाय हाऊसमधले जुने रंगारी,
नखं कायमची निळी,
जूनमध्ये ओल्या टॉवेलची गुंडाळी घेऊन नर्सरीत आले.
आत सात बिया, प्रत्येकीला एकच पंख.
भाच्यानं कॅनडातून आणलेल्या.
टॉवेल मात्र आपलाच, सोलापूरचा,
त्याच्या लग्नात इथूनच गेलेला.
"वाळल्या की मेल्या म्हणे. म्हणून ओलं."

मी म्हटलं, काका, हा मेपल. थंडीचं झाड.
इथं नळाला पाणी पाच दिवसांनी,
आणि एप्रिलात पत्र्यावर भाकरी भाजावी.
मलबार नीम न्या, तोही झरझर वाढतो,
प्लायवाले उभा विकत घेतात.
ते म्हणाले, विकायचंय कुणाला?

घरकुलात अंगण म्हणजे एक पायरी.
म्हणून झाड माझ्याकडे, मागच्या वाफ्यात.
जागेचं भाडं: महिन्याला एक टॉवेल.

दोन उगवल्या. एक गोगलगायीनं नेली.
उरलेलं पोर दिवाळीला गुडघ्याला,
पुढच्या जूनला कमरेला,
दुसऱ्या दिवाळीला माझ्या डोक्यावरून
होटगी रोडचे ट्रक मोजायला लागलं.
पान खोल कातरलेलं. वारा आला की पालथं, आणि खाली चांदी,
कापड उलटं धरून वीण तपासावी तसं.

पण झरझर वाढलेलं लाकूड कच्चं.
वळवात एक फांदी काकडीसारखी तुटली.
मुळं तर चोर, ठिबकच्या नळीत शिरली.
मग पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या:
चुनखडीची माती लोखंड धरून बसते, सोडत नाही.
मी औषधाचं नाव आठवतेय तोवर
त्यांनी खिशातून हिराकसची पुडी काढली.
"काळा पक्का करायला वापरायचो."
पंधरा दिवसांत झाड हिरवं,
आणि मी, दोन वर्षं कृषी पदविका केलेली, गप्प.

खरी अडचण झोपेची.
हे झाड थंडीत पानं टाकून झोपतं.
आमच्या हिवाळ्यात त्याला नुसती जांभई येते.
तिसऱ्या वर्षी फुटवे बारीक, पानं बोटाएवढी,
रात्रपाळी न सुटलेल्या माणसासारखं उभं.
"ओळखतो मी," ते म्हणाले. "बावीस वर्षं केली."

मग डिसेंबरात सायकलच्या कॅरिअरला बर्फाची लादी,
भुश्शात, गोणपाटात,
अक्कलकोट रोडपासून इथवर ओली रेघ ओढत. रोज.
आळ्यात तुकडे रचायचे, वर पालापाचोळा,
मग हात काखेत घालून शेजारी बसायचं.
गिऱ्हाइकं फोटो काढून गेली.
लादीचे पैसे, अकराशे पेन्शन,
हिशोब मी मनात केला, बोलले नाही.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. सकाळी खालची पानं फिकी दिसली.
हिराकस मागणारा पिवळा नव्हे. शिरांसकट.
त्यांनी एक उजेडात धरलं.
"हळदीत थोडा राखी. या शेडला आमच्याकडे नंबर नव्हता."
दुसरं आपोआप गळालं.
ते त्यांनी उचललं नाही.

बर्फानं की वाऱ्यानं की नुसतं थकून,
मला विचाराल तर सांगता येणार नाही.
माझ्या पुस्तकात असं काही नव्हतं.
सरूच्या रोपांवर एक बल्ब रात्रभर जळतो, चोरांसाठी.
त्याचा उजेड मागच्या वाफ्यात पडतो.
त्या रात्री मी स्टूल ओढलं,
एकतिसावा टॉवेल हाताला गुंडाळला
आणि तापलेला बल्ब फिरवून काढला.