पत्ता

स्विंडनला चार वाजताच अंधारतं.
गॅसमीटरच्या चिपमध्ये चौसष्ट के जागा,
आणि जुनं पुसून नवं लिहिणारं माझं फंक्शन
फ्लॅशमध्येच ठाण मांडून,
बसल्या फांदीवर कुऱ्हाड.
तीनदा मीटर मेला.

ग्वेनिथ चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली,
पाडणाऱ्याला आधी घराबाहेर काढ.

लिंकरच्या फाइलमध्ये मग एक ओळ वाढली:
हे एवढं रॅममध्ये राहील.
मॅप उघडून पाहिला.
दोनावर सात शून्यं,
नवा पत्ता.

मीटर जागा झाला.

वीज गेली की रॅममधलं काही उरत नाही,
दर वेळी उचलून न्यावं लागतं
मूळ जागेवरून.

बसस्टॉपवर आईचा मेसेज वाचला, दुपारचाच:
रेशनकार्डावर तुझं नाव
ठेवायचं की काढायचं?